पद्मिनीचा काटा

काटा 'सी'वर पडून आहे. इंजिन सुरू होऊन बराच वेळ झाला, बॉनेट उघडं आहे, पंखा फिरतोय. रेडिएटरच्या वरच्या होजला काकांनी बोटं लावली न लावली तोच हात मागे घेतला आहे. म्हणजे पाणी तापलंय, थर्मोस्टॅट उघडलाय, तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत पोचतंय. डॅशबोर्डखाली पत्र्याच्या पट्टीत बसवलेल्या गोल मीटरपर्यंत मात्र यातली काहीच खबर पोचलेली नाही.

"बाई, इंजिन बंद करा आणि चावी परत ऑनवर आणून ठेवा," काका सांगतात.

कुर्ला पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गाला येऊन मिळणाऱ्या गल्लीतलं हे काकांचं गॅरेज. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा. आत उभी आहे ती १९७८ सालची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी. गाडी चालवणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे इथेही सगळे त्यांना बाईच म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्यांना पुण्याला जायचं आहे, तेही जुन्या रस्त्याने, खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढून. मीटर बंद असताना तो घाट चढायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. मला त्यांचं हे ठरवणं मनापासून पटलेलं आहे. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं; ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम प्रमाणाबाहेर तापलं की वाकतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चिकटा दिसायला लागतो. मग हेड उतरवा, फेसिंगला पाठवा, आणि फेस मारून मारून पातळ झालेलं हेड असेल तर नवं शोधत फिरा.

हेडच्या कडेला बोल्टच्या आकाराचा एक पितळी तुकडा आहे. त्याचं टोक आत पाण्यात, डोकं बाहेर, आणि डोक्यावर एकच वायर. हाच सेंडर. काका ती वायर उपसतात आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवतात.

"गेला!" आत बसलेल्या बाई ओरडतात. "एकदम 'एच'वर गेला."

वायर उचलली की काटा परत खाली. टेकवली की वर. काका समाधानाने मान डोलावतात. एवढ्या एका कृतीत त्यांनी निम्मा प्रश्न निकालात काढलाय. चावीपासून मीटरला येणारी वीज ठीक आहे, मीटर ठीक आहे, मीटरपासून इंजिनपर्यंतची वायरही अखंड आहे. मग ते मल्टिमीटरची एक सुई सेंडरच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या षटकोनी अंगाला लावतात. पडद्यावर आकडा येतच नाही. सेंडर आतून तुटलाय.

या सगळ्याची रचना इतकी सरळ आहे की ती समजून घ्यायला मेकॅनिक असण्याची गरज नाही. बॅटरीतून निघालेली वीज मीटरमधून जाते, वायरने सेंडरपर्यंत येते, सेंडरमधून इंजिनच्या अंगात उतरते आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाते. सेंडरच्या पोटात एक छोटी टिकली असते, थर्मिस्टर नावाची. थंड असताना ती विजेला जास्त अडवते, तापत गेली की कमी कमी अडवते. अडथळा कमी झाला की काटा वर सरकतो. काट्याला तापमान असं काही ठाऊकच नसतं, त्याला फक्त ओहम कळतात. अमुक ओहम म्हणजे अमुक तापमान, हे सेंडर आणि मीटर बनवणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेलं असतं. ते दोघं एकमेकांसाठी बनलेले नसतील, तर काटा हलेल, वरखाली होईल, अगदी खरा वाटेल. पण जे दाखवेल ते खोटं असेल.

आजची खरी अडचण इथेच आहे. हा मीटर कारखान्यातून या गाडीसोबत आलेला नाही. मधल्या काळात कुणीतरी तो डॅशबोर्डखाली लावला. डायलवर 'सी' आणि 'एच' ही दोन अक्षरं, मध्ये एक रेघ, शेवटी लाल पट्टा. बनवणाऱ्याचं नाव नाही, अंश नाहीत. तेव्हा 'पद्मिनीचा सेंडर द्या' असं दुकानात जाऊन सांगितलं तर मिळालेला सेंडर गाडीच्या भोकात कदाचित बसेल, पण तो या मीटरशी जुळेल याची खात्री कोण देणार?

काका गाडी थंड व्हायला सोडतात आणि चहा सांगतात. चहा येईपर्यंत ते शास्त्री मार्गाकडे बोट दाखवून सांगू लागतात. प्रीमियरचा कारखाना याच मार्गावर होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली ही कंपनी, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट इथून बाहेर पडायला लागली, आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावाने निघाली. भोंगा झाला की आख्खा रस्ता कामगारांनी भरायचा, ते काकांनी पाहिलंय. त्यांच्या हाताला या गाडीची सवय टॅक्सींमुळे लागली. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रात्री इथे येऊन उभ्या राहायच्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे, ती भरली.

"टॅक्सी गेल्या तसा मालही गेला," काका म्हणतात. "आधी कुठल्याही दुकानात हात घातला की पद्मिनीचा पार्ट मिळायचा. आता दुकानदार विचारतो, कुठली गाडी म्हणालात?"

हे ऐकताना वाईट वाटतं. गाडी जुनी झाली तरी लोक ती जपतात, धुतात, रंगवतात. पण तिच्यासाठी सुटे भाग बनवणारा हात थांबला की जपण्याचा अर्थच बदलतो. मग मिळेल त्यातून निवडावं लागतं, आणि नीट निवडायचं तर आधी मोजावं लागतं.

काकांनी सकाळीच ओळखीच्या दुकानातून चार सेंडर उचलून आणलेत, बघून परत देण्याच्या बोलीवर. वर्तमानपत्र पसरून ते चारही तुकडे ओळीने मांडतात. पितळी अंग, वर एक टोक, खाली आटे. मला तरी चारही एकसारखेच दिसतात.

"बारक्या, मीटर आण."

गॅरेजमधला पोरगा मल्टिमीटर घेऊन येतो. तो अजून शिकतोय, पण सुया कुठे लावायच्या हे त्याला सांगावं लागत नाही. पहिला तुकडा: आकडा नाही. काका लायटर पेटवून त्याचं टोक थोडं शेकतात. आकडा तरीही नाही, नाही, आणि मग एकदम शून्य. तो तुकडा ते लगेच बाजूला ठेवतात.

"हा स्विच आहे. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा चालू करणारा. ठरलेल्या गरमीला आत टिकली चिकटते, बस. मधलं काही सांगत नाही. हा लावला असता तर काटा घाट चढेपर्यंत खालीच, आणि मग एकाच उडीत टोकाला."

उरलेल्या तिघांचे आटे आता तपासायचे. भोकाचे आटे कसे आहेत हे जुन्या सेंडरवरून कळतं; त्याची मान वर दिसतेय, पण पूर्ण माप तो निघाल्यावरच. इंजिन एव्हाना कोमट झालंय, आणि काकांना तो नेमका याच वेळी काढायचा आहे. अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त फुगतं. हेड थोडं गरम असताना भोक किंचित सैलावतं आणि आट्यांवरची पकड कमी होते. फार गरम असताना हात घालायचा नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण तर अशा वेळी उघडायचंच नाही. काका झाकणावर जाड फडकं टाकून आधी अंदाज घेतात, मगच ते सावकाश फिरवतात. दाब उरलेला नाही. खालची तोटी उघडून पाणी हेडच्या पातळीखाली येईल इतकंच, स्वच्छ बादलीत उतरवून घेतलं जातं.

मग जुन्या सेंडरच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल. थोडं थांबणं. परत तेल. काका फिक्स पाना बाजूला ठेवून खोल गोटी घेतात. फिक्स पाना दोनच कडा धरतो आणि मऊ पितळेच्या कडा गोल करतो. गोटी बसते. काका एकदम जोर लावत नाहीत. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाब देतात, मग उलट. परत तसंच. मी टॉर्च धरून उभा आहे आणि त्यांच्या मनगटाकडे बघतोय. जोर लावणारा माणूस आणि जोर मोजून लावणारा माणूस यांतला फरक मनगटात दिसतो.

'कट्' असा कोरडा आवाज येतो. बाई श्वास रोखून उभ्या असतात, त्या मोकळ्या होतात. पुढचे वेढे हाताने.

निघालेल्या सेंडरचं टोक पितळी राहिलेलंच नाही. गिझरच्या कॉइलवर साचतो तसा पांढरा, खडबडीत थर त्याच्यावर चढलाय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतल्याची ही खूण. सेंडर आतून तुटला नसता तरी या थरामुळे त्याला पाण्याची गरमी उशिरा आणि कमीच कळली असती. काका तो तुकडा बाईंच्या हातात देतात. बाई नखाने थर खरवडून बघतात आणि काही न बोलता मोबाइलमध्ये 'डिस्टिल्ड वॉटर, कूलंट' एवढं लिहून ठेवतात.

आता माप. व्हर्नियर सांगतो, १६ मिलिमीटर. पिच गेजची दीड मिलिमीटरची पाती आट्यांत चपखल बसते, उजेडाकडे धरली तरी फट दिसत नाही. मूळ गाडी इटलीची, तेव्हा मेट्रिक आटे असणारच. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे आटे असेच आहेत. तिसरा बघायला तसाच, पण काका त्याच्यावर पाती ठेवून मान हलवतात.

"हा अ‍ॅम्बेसेडरचा. सूत-इंची."

हे मी नीट बघून घेतो, कारण जुन्या गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची हेडं इथेच खराब होतात. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन ब्रिटिश, तिच्या सेंडरचे आटे ५/८ इंची, इंचाला १८. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर व्यास १५.८७५ आणि पिच १.४१. म्हणजे व्यासात फरक मिलिमीटरच्या आठव्या भागाचा, पिचमध्ये दहाव्या भागाहूनही कमी. हा तुकडा १६ मिलिमीटरच्या भोकात लावला तर सुरुवातीचे वेढे सहज जातो. मग जड लागायला लागतो. घाईतला माणूस समजतो, आटे जरा घाण आहेत, आणि पाना लावून दाबतो. पितळ कठीण, अ‍ॅल्युमिनियम मऊ. आटे भोकातले जातात. सेंडर काही शे रुपयांचा, भोकात नव्या आट्यांची स्प्रिंग बसवायचं काम त्याच्या कितीतरी पट.

"हाताने जेवढा जातो तेवढाच जाऊ द्यायचा," काका बारक्याला सांगतात. "अडला तर काढून बघायचं, का अडला. पाना शेवटी."

राहिले दोन. आटे तेच, लांबी जवळपास तीच. टोक फार आखूड असेल तर ते वाहत्या पाण्यापर्यंत पोचत नाही, फार लांब असेल तर आतल्या भिंतीला टेकतं. दोन्ही ठीक आहेत. बारक्या दोघांचे ओहम मोजतो. एक साडेचारशेच्या आसपास, दुसरा दीड हजाराच्या पुढे. इथून पुढे व्हर्नियरचा उपयोग नाही.

आता बाई पुढे सरसावतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: आधी मीटरला विचारू की त्याला काय हवंय. काकांकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक तारेचा पोटेन्शिओमीटर आहे, बऱ्यापैकी जाडजूड. रेडिओतला नाजूक असता तर एवढ्या प्रवाहाने जळू शकला असता. सेंडरची वायर त्याच्या एका टोकाला, दुसरं टोक गाडीच्या बॉडीला. चावी ऑन. काका मूठ हळूहळू फिरवतात, बाई काट्याकडे बघतात.

"थांबा. मधल्या रेघेवर."

वायर काढून पोटेन्शिओमीटर मोजतात: ७० ओहम.

"आता लाल पट्टा सुरू होतो तिथे."

३८.

मूठ फिरवली की काटा लगेच हलतो, रेंगाळत नाही, ही गोष्ट काका मला मुद्दाम दाखवतात. हा दोन कॉइलचा मीटर आहे. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत दुसऱ्या जातीचा मीटर असतो, आत तापून वाकणाऱ्या पट्टीचा. त्याचा काटा सावकाश चढतो, आणि त्याला १० व्होल्ट पुरवणारा वेगळा स्टॅबिलायझर लागतो. तो स्टॅबिलायझर बिघडला की पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम चुकायला लागतात, आणि लोक उगाच सेंडर बदलत बसतात. त्याहून जुन्या गाड्यांत तर वायरच नसते. ईथर भरलेली बारीक तांब्याची नळी इंजिनपासून थेट मीटरपर्यंत जाते, आणि ती तुटली तर सगळा संचच दुरुस्तीला पाठवावा लागतो. काकांनी या मीटरची आणखी एक परीक्षा घेतली: इंजिन जरा वेळ चालू करून चार्जिंग सुरू होऊ दिलं. व्होल्ट वाढले, काटा जागचा हलला नाही. दोन कॉइलच्या मीटरचं हे मोठं सुख आहे.

मीटरचं उत्तर मिळालं. आता दोन्ही सेंडरना उकळत्या पाण्यात विचारायचं.

गॅस पेटतो. चहाचंच पातेलं, घासून घेतलेलं. स्वयंपाकघरातला तापमापक एका बाजूला, सेंडर दुसऱ्या बाजूला तारेने टांगलेला, फक्त टोक पाण्यात, तळाला न टेकता. तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. मल्टिमीटरच्या सुयांना चिमटे. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रेघा आखल्यात, आडवी तापमानाची, उभी ओहमची. बारक्या तापमापक वाचतो, मी मल्टिमीटर वाचतो, बाई ठिपके देतात.

पहिला सेंडर. ४० अंशांना २९०. ६० ला १३५. ८० ला ७०. ९० ला ५१.

"सरळ रेघ नाही येत," बारक्या कागदाकडे वाकून म्हणतो.

"येणारच नाही," बाई म्हणतात, आणि शाळेत बोलत असाव्यात त्याच आवाजात समजावतात. "बघ, ४० वरून ६० ला आलो तर निम्म्याहून कमी झाला. ६० वरून ८० ला, परत जवळपास निम्मा. दर वेळी ठरावीक ओहम वजा होत नाहीत, ठरावीक पट कमी होते. म्हणून रेघ आधी कोसळते आणि मग सपाट होत जाते."

बारक्या बोटाने हवेत तो बाक काढून बघतो. काकाही चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन कागद न्याहाळतात. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांच्या हाताला माहीत होती. बाईंच्या ठिपक्यांत ती दिसायला लागल्यावर त्यांचा चेहरा खुलतो. गॅरेजमध्ये असे क्षण बघायला मिळतात म्हणून मला तिथे बसायला आवडतं.

पाणी खळखळायला लागतं. तापमापक बरोबर १०० दाखवतो, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. कुर्ला समुद्रसपाटीलगत आहे. हीच परीक्षा पुण्यात घेतली तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळेल आणि ते लक्षात ठेवावं लागेल. सेंडर ३८ वर.

बाई पेन खाली ठेवतात. ७० ओहमला मधली रेघ, म्हणजे ८० अंश. ३८ ला लाल पट्टा, म्हणजे १००. हे इंजिन नीट चालत असताना पाणी ८० ते ९० च्या दरम्यान असायला हवं. मीटर आणि हा सेंडर एकमेकांसाठीच बनले असावेत.

काका तरीही दुसरा सेंडर पाण्यात सोडतात. ६० ला ४९०. ८० ला २५०. पाणी उकळत असताना १४०. पोटेन्शिओमीटर १४० वर आणून वायर जोडली, तर काटा 'सी' आणि मधली रेघ यांच्या मध्येच कुठेतरी थांबतो.

सगळे गप्प होऊन त्या काट्याकडे बघतात. पातेल्यात पाणी उकळतंय आणि काटा सांगतोय, गाडी अजून पुरती गरमसुद्धा झालेली नाही. आटे बरोबर होते, लांबी बरोबर होती, वायर बसली असती, काटा हललाही असता. बाई हा सेंडर लावून घाट चढल्या असत्या तर वाफ दिसेपर्यंत मीटरने त्यांना धीरच दिला असता. बंद पडलेला काटा मला यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. तो बंद आहे हे तरी चालवणाऱ्याला कळतं आणि तो होजला हात लावून बघतो.

काम आता सोपं आहे. काका भोकाच्या आट्यांतून ग्रीस लावलेला टॅप हाताने हलकेच फिरवतात. सुटलेला क्षार आणि कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, पाण्यात पडत नाही. तांब्याचा वायसर गॅसवर लाल करून थंड होऊ देतात, म्हणजे तो परत मऊ होतो आणि दाबला की नीट बसतो. बारक्या टेफ्लॉन टेपची गुंडाळी पुढे करतो.

"नको. याला परत जायचा रस्ता आट्यांतूनच आहे. टेप गुंडाळली आणि बॉडी नीट लागली नाही, तर काटा खाली दाखवेल. आणि पाणी अडवायला वायसर आहे."

सेंडर हाताने शेवटपर्यंत जातो. मग गोटीने वायसर दबेपर्यंत, आणखी थोडा, बस. सेंडरचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर जवळपास शून्य दाखवायला हवा. दाखवत नाही, थोडा वर दाखवतो. काका इंजिनपासून बॉडीला जाणारी वेणीची पट्टी सोडवतात. तिची दोन्ही टोकं हिरवी पडलीत. पॉलिश पेपरने घासून, घट्ट बसवून परत मोजतात, आणि आता आकडा शून्याला टेकतो. ३८ ओहमच्या हिशेबात सहाची भेसळ झाली तरी काटा पाचेक अंशांनी कमी सांगतो. मला वाटतं, एवढ्यावर समाधान न मानणारा मिस्त्री शोधून सापडत नाही.

बादलीतलं गढूळ पाणी टाकून देऊन आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हळूहळू ओतलं जातं. काका होज दाबून दाबून हवा बाहेर काढतात. झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू होतं. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, परत भरायचं. सेंडरपाशी हवा अडकली तर तो हवेचं तापमान सांगत बसतो. घाटात होज फुटून पाणीच गेलं तरी हेच होतं.

"बाई, हे एक ध्यानात ठेवा. काटा वर होता आणि एकदम खाली आला, तर खूश व्हायचं नाही. गाडी थंड झालेली नसते, पाणी संपलेलं असतं. बाजूला घ्यायची आणि बंद करायची."

बाई हे वाक्य दोनदा म्हणून घेतात.

झाकण बंद होतं. काटा 'सी' सोडतो. मधल्या रेघेच्या अलीकडे जरा रेंगाळतो, थर्मोस्टॅट उघडतो, खालची होजही गरम लागायला लागते, आणि काटा रेघेला किंचित ओलांडून स्थिर होतो. काका थर्मोस्टॅटच्या चकचकीत घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर इन्फ्रारेड गनचा नेम धरतात. चकचकीत धातूवर ती गन कमी आकडा दाखवते. ८३.

बाई चालवतात, काका शेजारी, मी मागे. स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यात टाकून गाडी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलावर चढते. दुपारचं ऊन, पुढे डंपर, चाल पायी चालण्याएवढी. काटा काडीभर वर सरकतो. वाहतूक सुटते, वारा रेडिएटरला लागतो, तेवढाच खाली येतो. बाई आरशात बघण्याइतक्याच सहजतेने आता अधूनमधून त्याच्याकडे बघू लागल्यात.

गॅरेजमध्ये परतल्यावर सेंडरखाली कोरडं फडकं फिरवून काका गळती नाही ना हे बघतात आणि वायसरसाठी गोटी पुन्हा एकदा नावापुरती लावतात. बाई कॅलेंडरच्या पानाची घडी घालून गाडीच्या वहीत ठेवतात; त्याच्यावर १६ मिलिमीटर, दीड पिच, आणि सगळे ओहम तापमानांसह लिहिलेत. मग त्या विचारतात, असाच आणखी एक सेंडर घेऊन ठेवावा का, पुढे मिळाला नाही तर?

"घेऊनच ठेवा," काका म्हणतात, आणि नको असलेले तीन तुकडे कागदात बांधून बारक्याच्या हातात देतात, वर मल्टिमीटर. "हे परत कर आणि आपण लावला तसा एक आण. डबा एक असला तरी माल एक असेलच असं नाही. काउंटरवर मोजायचा, थंड. साडेचारशेच्या आसपास दाखवला तरच पैसे द्यायचे."

बारक्या निघतो. काका फॅनबेल्टवर अंगठा दाबून बघतात. घाटासाठी तो जरा सैल आहे.